लिफ्टवाल्याचा उजवा खिसा

दुपारचे चार वाजून बारा मिनिटं झाली होती. उद्याच्या पुरवणीच्या आठव्या पानावर तीन चित्रपट्ट्या बसवून झाल्या होत्या. चौथीची चौकट रिकामी ठेवून ताई पडद्यावरच्या एका शर्टाकडे बघत होत्या.

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळेच ताई म्हणत, त्यांच्याहून मोठा असलेला दारावरचा रखवालदारसुद्धा. वय एक्कावन्न. पानं लावायचं काम त्या सत्ताविसाव्या वर्षापासून करत होत्या. आधी कात्री आणि डिंक होता, आता माउस होता आणि दुखणाऱ्या मनगटाखाली नवऱ्याने शिवून दिलेली कापसाची गादी होती.

शर्ट लिफ्टवाल्याचा होता. ‘लिफ्ट बंद’ ही त्यांची सगळ्यांत आवडती पट्टी. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस, सहाव्या मजल्यावर राहणारी त्याची सासू आणि दोघांच्या मध्ये कायम बंद पडलेली लिफ्ट. रोज तीन चौकटी, गेली एकोणीस वर्षं.

सकाळी नवऱ्याने पेपर उघडला होता. तो शिंपी. बातम्या तो वरवर वाचतो, फोटोतले कपडे मात्र नीट बघतो.

“या बाबाचा शर्ट कोणी शिवलाय?” तो म्हणाला.

“का?”

“खिसा उजवीकडे. बटणपट्टी बाईमाणसाची. माझ्या दुकानातून असा शर्ट गेला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता.”

“चित्र आहे ते.”

“असेना. चित्रातल्या माणसाचाही हात डावीकडेच जातो.”

एवढं बोलून तो दुकानात गेला आणि विसरला. ताईंना विसरता येईना. दुधावर साय दिसली तरी चमच्याने उचलून खाली दूधच आहे ना हे बघणारी बाई, असं नवरा त्यांच्याबद्दल म्हणतो. त्यात फार अतिशयोक्ती नाही.

आता उद्याच्या पट्टीतही खिसा उजवीकडेच दिसला, आणि त्या तिकडे बघत असतानाच पुरवणीप्रमुख खुर्चीमागे येऊन उभा राहिला. वयाने त्यांच्या धाकट्या दिराएवढा.

“ताई, उद्यापासून पट्ट्या तीनच. शब्दकोड्याला जागा हवीय. कोणती काढायची ते तुम्हीच सांगा.”

या माणसाने चार वर्षांत त्यांना खिडकी उघडू का म्हणूनही विचारलं नव्हतं.

“मी का?”

“रोज तुम्हीच बघता ना. वाचकांची पत्रं आली तर सांगता येईल, विचार करून काढली म्हणून.”

“कोणी विचार करून?”

तो हसला. “पान साडेसहाला सोडायचंय. सहापर्यंत सांगा, म्हणजे झालं.”

तो गेला त्या दिशेने ताईंनी थोडा वेळ पाहिलं. पत्रं आली की कोणाचं नाव पुढे होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि आजच, नेमका याच शर्टाच्या दिवशी, हा प्रश्न का? पाणी कुठेतरी मुरत होतं.

एरवी उत्तर तयार होतं. ‘साहेब आले’ काढा. कारकून टेबलावर झोपतो, साहेब येतात, कारकून दचकतो. चौदा वर्षं हेच. कारकुनाला काढून टाकत नाहीत आणि साहेबांची बदली होत नाही. दुसरी, ‘तिसरीतला गुंड्या’, सव्वीस वर्षं तिसरीतच होती. तिच्याबद्दल ताईंचं म्हणणं होतं की गुंड्यापेक्षा त्याच्या बाईंची चौकशी करावी. वकील आणि त्याच्या पोपटाची पट्टी दोन वर्षांचीच, अजून शिळी व्हायची होती.

त्यांच्याकडे एक वही असे. पट्टी बसवताना हसू आलं तर तारखेपुढे टिंब, नाही आलं तर जागा कोरी, आणि बाजूला दोन शब्दांत विषय. अशा वह्या खणात सात-आठ साठल्या होत्या. ‘लिफ्ट बंद’ला आठवड्यातल्या सहा दिवसांत चार टिंबं तरी ठरलेली. ‘साहेब आले’ला गेल्या वर्षात एकच होतं, आणि त्या दिवशी ताईंना ताप होता.

त्यांनी पडद्यावरचं चित्र निवडलं आणि आडवं उलटवलं. एका बटणाचं काम. फुग्यांतली अक्षरं वाचता येईनाशी झाली, पण खिसा डावीकडे आला. सावलीच्या रेघा, ज्यांच्यावरची स्कॅनमधली धूळ त्या एकोणीस वर्षं पुसत आल्या होत्या, त्या आता नेहमीच्या बाजूला कलल्या. गेले कित्येक महिने या पट्टीत काहीतरी खुपत होतं ते हे.

जिन्यात सांडलेली बादली. सासूच्या हातात छत्री. हे चित्र पाहिलेलं होतं.

त्यांनी खण उघडला. आठ वर्षांपूर्वीच्या वहीत सापडलं: ‘सासू, बादली’, पुढे दोन टिंबं. दोन टिंबं क्वचित पडत. बोळाच्या टोकाच्या कपाटात जुन्या अंकांच्या बांधलेल्या फायली होत्या, रखवालदाराकडून ते उघडून घेऊन त्यांनी तो महिना काढला. तीच बादली, तीच छत्री, सगळं आरशात बघावं तसं. संवाद नव्याने लिहून काढलेला. त्यात एकच शब्द बदललेला, रेडिओच्या जागी मोबाइल.

संशय एकदा आत शिरला की तो एका खोलीत बसत नाही. आवडत्याने हे केलं तर नावडत्याने काय केलं असेल? ताईंनी ‘साहेब आले’चे वर्षभराचे अंक काढले आणि उभ्यानेच चाळले. एकही चित्र दुसऱ्यावरून उचललेलं नव्हतं. साहेबांचा टाय दर वेळी वेगळा. कारकुनाच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर त्या त्या दिवसाची बरोबर तारीख. विनोद रोज तोच, पण रोज नव्याने काढलेला. माणूस अगदी प्रामाणिकपणे कंटाळा आणत होता. ताईंना याचा रागच आला.

पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांनी ‘लिफ्ट बंद’च्या चित्रकाराला फोन लावला. एकोणीस वर्षांत फोनवर तीन-चारदाच बोलणं झालं होतं, तेही मापाबद्दल.

“मी पान लावते ती.”

“हां, ताई. शनिवारचं पाकीट मिळालं ना? सहाही आहेत.”

“सहा आहेत. त्यातली उलटी किती?”

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“कशावरून म्हणता?” म्हातारा म्हणाला.

“खिसा.”

“खिसा काढायलाच नको होता.” मग आवाज बदलला. “तुम्हाला कोणी फोन करायला सांगितलं? त्या पुरवणीवाल्याने?”

“कोणी नाही.”

“त्याला माहीत आहे?”

“मला काय माहीत, त्याला काय माहीत ते. तुम्ही माझं सांगा. कधीपासून?”

“झालं दीड वर्ष. आठवड्याला चार जुनी, दोन नवीन.”

“आणि मी त्यांना टिंबं देत बसले.”

“कसली टिंबं?”

ताईंनी वहीचं सांगितलं. चित्रकाराला ते आवडलं नाही. “म्हणजे एकोणीस वर्षं माझ्यावर पाळत होती.”

“पाळत नव्हती, तीच तर चूक झाली. असं का केलंत?”

“आटलं म्हणून. जावयाला सासू जिन्यात पहिल्यांदा भेटली तेव्हा त्याचं धाबं दणाणलं होतं. हजाराव्यांदा भेटली की त्याला तिची सवय होते, तिला त्याची. आता ती दोघं एकमेकांवर चिडतच नाहीत. मी त्यांना चिडायला लावतो, ते दिसतं.”

“मग लिफ्ट सुरू करायची.”

“करून बघितली एकदा. ऐंशी पत्रं आली. लोकांना गंमत नको असते हो, रोजचा ओळखीचा माणूस हवा असतो. आणि तो ओळखीचा झाला की म्हणतात, शिळा झाला.”

“नवी दोन कुठली? कुठले वार?”

“वहीत बघा की. एवढा हिशेब ठेवलाय तर कळेल.”

ताईंनी दीड वर्षाची पानं मागे उलटली. सगळ्यांत जास्त टिंबं पडलेले दोन वार नवे असणार, असं धरून त्या म्हणाल्या, “मंगळवार आणि शनिवार.”

“सोमवार आणि गुरुवार,” तो म्हणाला.

सोमवार आणि गुरुवार सरळ ओळीने कोरे होते. मध्ये कुठे एक टिंब होतं, तेही खोडलेलं.

“काय आहे तिथे?” त्याने विचारलं.

“काही नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. कोरं आहे.”

मग त्याने विचारलं, “काढणार का मला?”

“आज एक पट्टी काढायची आहे. सहापर्यंत मला सांगायचं आहे.”

“आणि तुम्ही खिशाचं सांगणार.”

“सांगणार. मी न सांगता ठेवली आणि उद्या दुसऱ्या कोणी शिंप्याने पत्र लिहिलं, तर ते माझ्या गळ्यात. पण त्याबरोबर आणखी एक सांगीन. जुनी चित्रं सरळ छापायची, खाली मूळ वर्ष टाकून.”

“वर्ष टाकलं की लोक म्हणतील, म्हातारा संपला.”

“तुम्हीच म्हणालात आत्ता.”

“मी म्हणणं वेगळं, ताई.”

“मग नवी पाठवा. कोरी राहिली तरी चालतील, पण सरळ पाठवा.”

“बघतो,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. ‘बघतो’चा अर्थ काय लावायचा हे ताईंना ठरवता आलं नाही.

सहाला पाच मिनिटं असताना त्या पुरवणीप्रमुखाच्या टेबलापाशी गेल्या. आठ वर्षांपूर्वीचा अंक आणि उद्याच्या पट्टीची छापील प्रत शेजारी शेजारी ठेवली. त्याने पाहिलं, हसला, पुन्हा पाहिलं.

“कोणाला कळलंय हे?”

“माझ्या नवऱ्याला.”

“ते वाचक आहेत का?”

“विकत घेतात पेपर.”

“दीड वर्षात एक पत्र नाही आलेलं. मग आपली अडचण काय?”

“दीड वर्ष मी म्हटलंच नाही. तुम्हाला माहीत होतं?”

“मी पट्ट्या वाचत नाही, ताई. खरं सांगू का, कोणीच वाचत नाही. नसल्या की पत्रं येतात.”

हे खरं की बचाव, ताईंना कळेना. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता, आणि नेहमीचा चेहराच त्यांना कधी पटला नव्हता.

“मूळ वर्ष टाकून सरळ छापायची असेल तर मी लावीन,” त्या म्हणाल्या. “उलटी असेल तर दुसरं कोणी बघा.”

“एवढं काय त्यात? टाका वर्ष. आणि काढायची कोणती? ‘साहेब आले’?”

जिभेवर ‘हो’ होतं. टायही आठवत होते.

“गुंड्या,” ताई म्हणाल्या. “ती एजन्सीकडून येते, कोणाच्या हातचं काही जात नाही. सव्वीस वर्षं झाली, पास करून टाका त्याला.”

पान सहा चाळीसला सुटलं, दहा मिनिटं उशिरा. उद्याच्या ‘लिफ्ट बंद’साठी ताईंनी जुन्या अंकातलं मूळ चित्र सरळ लावलं आणि खाली आठ वर्षांपूर्वीचं साल टाकलं, बारीक अक्षरात, पण वाचता येईल एवढं. चित्रकाराचा फोन आला नाही. शनिवारच्या पाकिटातल्या अजून तीन पट्ट्या बाकी होत्या, आणि त्याने जुन्या म्हणून सांगितलेल्याच जुन्या असतील याची खात्री त्यांना नव्हती.

उद्यापासून ताई साडेतीनऐवजी तीनला येणार आहेत. रोजची पट्टी जुन्या अंकांशी ताडून बघायला फायलींच्या कपाटाची किल्ली त्यांनी रखवालदाराकडून सही करून घेतली आहे.