मागचं उजवं चाक

बाबा गेल्यावर त्यांची गाडी मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली दोन पावसाळे तशीच उभी होती. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. शेवटी विकायची ठरली, तर ती जागची हलेना. चारही चाकांचे ब्रेक गंजून जाम झाले होते. घरीच करू, असं मी दादाला म्हटलं. लहानपणापासून दर रविवारी गाडीखाली शिरलेल्या बाबांच्या हातात पाने देत आल्यामुळे मला ते काम येत होतं. दादाला त्यात कधीच रस नव्हता.

दोन रविवार ड्रम ठोकून मोकळे करण्यात गेले. कुर्ल्याहून नवे रबर आणि ब्रेक ऑईल आणलं. तिसऱ्या रविवारी दुपारी पाइपांतली हवा तेवढी काढायची राहिली. त्याला दोघं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा नट सैल करायचा. बुडबुड्यांसकट ऑईल बाटलीत येतं. नट घट्ट केल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर हवा परत आत जाते.

मागच्या डाव्या चाकाशी मी चटईवर आडवी झाले. मी म्हणायचे "दाब", दादा म्हणायचा "दाबला". दोनदा त्याने पाय आधीच उचलला, तेव्हा मी त्याला चांगलंच सुनावलं.

ते चाक झाल्यावर बाटली रिकामी करून मी उजव्या चाकाखाली शिरले. "दाब" म्हटलं. उत्तर आलं नाही, पण पेडल करकरलं आणि ऑईल आलं. दादा रुसला असेल, असं वाटलं. काम मात्र आता नेटकं चाललं होतं. मी "सोड" म्हणेपर्यंत पाय हलत नव्हता. दर वेळी आधी हलकेच एकदा दाबून बघायचं आणि मग पूर्ण दाबायचं, असं सात-आठ वेळा झालं. बुडबुडे थांबले.

"झकास जमलं रे," म्हणत मी बाहेर आले. सीट रिकामी होती, दार लावलेलं होतं. दादा जिन्यावरून खाली येत होता. शेजाऱ्यांकडे त्याचा फोन आला होता. पहिलं चाक होताच तो मला सांगून वर गेला होता म्हणे.

"मग आत्ता कोण दाबत होतं?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे. ती काळ्या ऑईलने निम्मी भरली होती.

पुढच्या चाकांना तो सीटवर बसेना. मला बसवून स्वतः खाली शिरला. उन्हामुळे आवारात चिटपाखरू नव्हतं. पेडलवर पाय ठेवायला मला बराच वेळ लागला. तिथे आधीच कुणाचा पाय असला तर, असं वाटत होतं.

संध्याकाळी गाडी नाक्यापर्यंत नेऊन आणली. ब्रेक नीट लागत होते. नट सैल असला की ऑईल आपोआपही झिरपतं, असं दादाचं म्हणणं. ते खरं आहे. पण त्याने पेडल करकरत नाही.

आई मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"काही बोलले?" तिने विचारलं.

"नाही."

"कामात असले की नाहीच बोलायचे," ती म्हणाली आणि पुन्हा जुडीकडे वळली.

पुढच्या महिन्यात घाटकोपरच्या एका गृहस्थांनी गाडी नेली. आम्ही दोघं गेटपाशी उभे होतो. काचांवर ऊन होतं. आत कोण कोण बसलंय ते दिसत नव्हतं, आणि मी पाहायचा फारसा प्रयत्नही केला नाही.