सूर्य पाठीशी असतो

शीला मॅडम गेल्याचं मला व्हॉट्सअॅपवर कळलं. शाळेच्या ग्रुपवर त्यांचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मागे कुणीतरी हौसेनं टाकलेलं इंद्रधनुष्य… त्याच्या कमानीत मधोमध सूर्य हसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या चुकीवर बोट ठेवलं म्हणून या बाईला आम्ही छळलं, तीच चूक तिच्या मरणावरही! आणि 'आम्ही' कशाला म्हणू? मी. देवळी तालुक्यातल्या त्या शाळेचा मुख्याध्यापक तेव्हा मीच होतो. आजही आहे.

मॅडम सातवीला विज्ञान शिकवायच्या. इंद्रधनुष्य फळ्यावर काढून भागवायच्या नाहीत. सकाळी मुलांना मैदानावर न्यायच्या आणि शाळेसाठी घेतलेल्या नव्या फवारणी पंपानं हवेत पाण्याचे बारीक तुषार सोडायच्या. "मॅडम, मले काऊन नाई दिसून राह्यलं?" "सूर्याकडं तोंड करून उभी हायेस, तुले काय दिसन? पाठ कर त्याच्याकडं. आता तुझ्या डोक्याची सावली पाय, कमानीचा मध्य तिकडंच." मग सांगायच्या… ऊन थेंबात शिरताना वळतं, आतल्या मागच्या बाजूवर आपटून परततं, बाहेर पडताना पुन्हा वळतं. प्रत्येक रंग जरा वेगळा वळतो, म्हणून ते सुटे होतात. म्हणून पाऊस समोर आणि सूर्य पाठीशी, तोही खाली उतरलेला. सूर्य डोक्यावर असताना आकाशात कमान शोधू नका.

त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी आईच्या स्मरणार्थ शाळेची भिंत रंगवून दिली. तिच्यावर इंद्रधनुष्य, त्याच्या पोटात सूर्य. मॅडमनी चाचणीत प्रश्न घातला: 'भिंतीवरच्या चित्रात काय चुकले आहे?' अख्ख्या वर्गानं बरोबर लिहिलं. अध्यक्ष माझ्या खोलीत येऊन ओरडले, "माझ्या आईच्या नावाच्या भिंतीची परीक्षा घेता काय? माफी लिहून घ्या तिची!"

माफीनाम्याचा मजकूर मीच लिहिला. 'मी विद्यार्थ्यांना चुकीचे शिकवले.' मॅडमनी तो शांतपणे वाचला.

"सर, तुम्ही बी.एस्सी. ना? सूर्य कुठं असते, माहीत हाये ना तुम्हाले?"

"माहीत आहे."

"मग यावर सही तुम्हीच करा."

मी अहवाल पाठवला. 'विद्यार्थ्यांची हेतुपुरस्सर दिशाभूल.' त्यांची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली. सिंदी मेघेच्या घरून दोन एसट्या बदलून त्या तिथं जायच्या. आणि एक गोष्ट मी घरातही कधी बोललो नाही. ते पेपर मी स्वतः घेऊन बसलो आणि प्रत्येक बरोबर उत्तरावर लाल शाईनं फुली मारली. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसानं!

शोकसभेत त्याच भिंतीसमोर उभं राहून अध्यक्ष म्हणाले, मॅडमनी मुलांच्या आयुष्यात रंग भरले. आणि मी शेजारी बसून मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची जेवढी चीड आली, तेवढी अध्यक्षांचीही नाही आली.

गेल्या आठवड्यात तो अहवाल खोटा होता, मी तो मागे घेतो, असं पत्र संस्थेला दिलं. लगेच अध्यक्षांचा फोन. "मेलेल्या बाईचं आता काय भलं होनार हाये, सर?" मी फोन ठेवला आणि नववीच्या वर्गावर गेलो. तीच मुलं आता तिथं बसतात. म्हटलं, सातवीतलं तुमचं उत्तर बरोबर होतं. फुल्या मी मारल्या होत्या.

प्रणाली नावाची मुलगी उभी राहिली. "मंग तवा काऊन मारल्या, सर?"

"भ्यालो."

प्रणाली म्हणाली, "आमी रडलो होतो मॅडमपाशी. त्या म्हने, रडू नका, सरले बरोबर उत्तर माहीत हाये. ते सोता येऊन सांगतीन तुमाले. आमी फोन केला का त्या पयले हेच पुसत… सर आले का वर्गात?"

दोन वर्षं ही मुलं त्यांना 'नाई' सांगत होती.