आक्काच्या ओट्यावरची घंटी

यशवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेला होतो. पेणला घराच्या पडवीत बसून रविवारसाठी सायकलच्या साखळीला तेल देत होतो आणि तेल देता देता त्याला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होतो. कारण त्याने पुन्हा तेच केलं होतं. सायकलच्या सहलीला येणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांना ‘काशिदचा समुद्रही दाखवू’ असं कबूल करून तो मोकळा झाला होता. रोह्याहून निघालेली यशवंतची सहल काशिदला पोचल्याचं मला तरी आठवत नाही. आम्ही कोर्लईच्या किनाऱ्याला लागायचो तेच सूर्य बुडताना, आणि हा गृहस्थ दक्षिणेकडे बोट करून सांगायचा, “ते तिकडं काशिद!” दाखवलं की नाही? तर या सगळ्याबद्दल मी त्याला चांगला फैलावर घेणार होतो... आणि त्याच्या मुलाचा फोन आला. रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. आता दीड महिना होऊन गेला. ते जुळवलेलं सगळं बोलणं अजून माझ्यापाशी तसंच पडून आहे, आणि ते ऐकून घ्यायला दुसरं कोणी मिळत नाही.

आम्ही दोघे रोह्याच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. मी पेणहून एसटीने जायचो. तो रोह्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका भातशेतीच्या गावचा. समुद्राशी त्याचा संबंध सुकटीपुरता. निवृत्त झाल्यावर त्याने वरसे गावात घर बांधलं आणि काही महिन्यांतच बसून बसून तो वैतागला. एकदा पुतण्याचे मित्र पुण्याहून सायकली घेऊन आले, त्यांना समुद्रापर्यंत वाट दाखवायला हा पुढे झाला, आणि संध्याकाळी परत आला तो नवीन धंदा डोक्यात घेऊनच. परसात जुन्यानव्या सायकली जमवल्या, फाटकावर पाटी लावली, ‘सायकलवरून समुद्र’, आणि मला फोन करून सांगितलं, “मी इंजिन, तू गार्ड. रविवारी सकाळी ये.” विचारणं वगैरे प्रकार त्याच्याकडे नव्हता. तेव्हापासून मी शेवटची सायकल. पंक्चर काढणं, केळी वाटणं, आणि “अजून किती?” असं विचारणाऱ्याला “हे काय, वळणापलीकडेच” असं सांगणं, ही गार्डाची कामं. कुंडलिकेच्या काठाने साळावपर्यंत जाणाऱ्या त्या रस्त्याला वळणं पुष्कळ आहेत, म्हणून निभावलं.

वाटाड्या म्हणून यशवंत कसा होता म्हणाल, तर भयंकर होता. पक्षी कोणताही असो, तो पांढरा असला की बगळा आणि नसला की ‘खारातला बगळा’. एका पाहुण्याने खाडीपलीकडची टेकडी दाखवून नाव विचारलं, तर म्हणाला, “टेकडीच हाय ती.” पण पाहुण्यांना तो आवडायचा, कारण रस्त्यातल्या प्रत्येक गावात त्याचं कोणी ना कोणी होतं. कुठे मावसभाऊ, कुठे साडू, कुठे कंपनीतला जुना हेल्पर. आणि आपल्या माणसाच्या दारावरून जायचं तर आत जायचं, घोटभर तरी चहा घ्यायचा, हा त्याचा धर्म. पाहुणे हरखून जायचे. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दातओठ खायचो. त्याच्या घड्याळाचा पट्टा तुटला होता, ते तो खिशात ठेवायचा, आणि तेही बहुधा ज्या पॅण्टच्या खिशात असायचं ती पॅण्ट घरी असायची.

या सगळ्या घरांतलं मुख्य घर आक्काचं. आक्का त्याची मोठी बहीण. चणेऱ्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला तिला दिली होती. यशवंतची आई तो रांगत असतानाच गेली. आक्कानेच त्याला कडेवर घेऊन वाढवला. साठी उलटली तरी हा माणूस तिच्यासमोर बोलताना शर्टाचं वरचं बटण लावायचा. सहल असली की आक्का आदल्या दिवशी तांदूळ भिजत घालायची आणि सकाळी सगळ्यांसाठी घावनं काढायची, सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. माझा राग त्या एका घरी वितळायचा हे कबूल करतो.

आणि त्या घरीच घोटाळा झाला. एका सहलीत ठाण्याच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना सायकल हाणायची भारी हौस. यशवंतला मागे टाकून त्या सुसाट पुढे गेल्या. पुढे फाटा होता, तिथे चुकल्या असत्या तर थेट डोंगरात गेल्या असत्या, म्हणून हा त्यांच्या मागे धावला. वाटेत आक्काचं घर. आक्का ओट्यावर उभी, दोन्ही हातांत घावनांची परात. यशवंतने सायकल न थांबवता घंटी वाजवली, हात हलवला, “आलोच गो आक्का!” म्हणाला आणि दिसेनासा झाला. इंजिन गेलं म्हणून सगळे डबे त्याच्या मागे गेले. मी पोचलो तेव्हा परात तिच्या हातात तशीच होती. “जा, तू पन जा,” ती मला म्हणाली. डॉक्टरीणबाई साळावच्या पुलाशी सापडल्या. पाहुण्यांना मुंबईकडे जायचं होतं म्हणून परतीचा टेम्पो अलिबागच्या रस्त्याने पेणकडे निघाला. धरमतरचा पूल येईपर्यंत यशवंतला आक्काची आठवण झाली नाही. झाली तेव्हा तो टेम्पो मागे वळवायला सांगत होता आणि मागे बसलेले पाहुणे झोपले होते.

दोन दिवसांनी तो मला घेऊन माफी मागायला गेला. आक्का अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती त्याच्याशी बोललीच नाही, कोंबड्यांशी बोलली. “मला घंटी वाजवतो. रस्त्यात म्हस आडवी आली की वाजवतात ना, तशी. मी काय म्हस हाय?” यशवंत घाबरून म्हणाला, “नाय गो आक्का, म्हस नव्हतीच रस्त्यात. तुलाच वाजवली मी.” ह्या खुलाशाने उरलंसुरलं बिघडलं. दाराची कडी लागली आणि आतून आवाज आला, “वाजवलेली घंटी परत घे, मंग माझा ओटा चढ!”

वाजलेली घंटी परत कशी घ्यायची? यशवंतने यावर गंभीरपणे विचार केला. मग पाना घेतला, सायकलची घंटी काढली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. तेव्हापासून कोंबडी, म्हैस, पोरंटोरं, कोणीही आडवं आलं की तो “ओ ओ ओ!” करून ओरडायचा. आक्काच्या घरावरून जायची तर छातीच होईना. मग तिच्या गावाच्या अलीकडे डावीकडे... नाही, उजवीकडे, खाडीच्या बाजूला तो सहल वळवायचा आणि खारजमिनीच्या बांधावरून लांबचा वळसा घालून पुन्हा डांबरी रस्त्याला आणायचा. पाहुण्यांना सांगायचा, ही पक्षी बघायची खास वाट. दुर्दैव असं की पाहुण्यांना ती आवडली! फोटो काढून त्यांनी आपापल्या मित्रांना पाठवले, आणि लोक फोन करून विचारू लागले, “ती बांधावरची वाट आहे ना?” माणूस बहिणीला घाबरून लपतोय हे कोणाला सांगणार?

सांधा सांभाळायला मी होतो. गार्ड मागे राहिला तरी कोणाला कळत नाही. सहल बांधावर वळली की मी सरळ रस्त्याने आक्काकडे जायचो. यशवंतने पेणच्या बाजारातून माझ्याकरवीच मागवलेले पोह्याचे पापड तिला द्यायचे. ती घ्यायची. “कोनी दिले?” विचारायची नाही. मग केळीच्या पानात घावनं बांधून माझ्या हातात ठेवायची आणि बजावायची, “त्याला देव नको. तू खा. अर्धी उरली न टाकून द्यायची झाली तर कुनाला टाकशील ते तुझं तू बघ.” ती अर्धी घावनं यशवंत बांधावर, खाडीकडे तोंड करून, एकटा बसून खायचा. पाहुण्यांना वाटायचं, दादा पक्ष्यांचं निरीक्षण करतायत. दोन भाऊबिजा अशाच कोरड्या गेल्या. दुसऱ्या भाऊबिजेला तो माझ्याकडे पेणला आला, दिवसभर पडवीत बसून राहिला, आणि निघताना म्हणाला, “अरे, आक्का आता सत्तरीच्या पुढं गेली. असंच राहिलं तर?” मला त्याचं फार वाईट वाटलं. घंटी तेव्हाही त्याच्या खिशात होती. एसटीत चढताना खिशातच वाजली.

शेवटी सोडवणूक केली ती उधाणाने. भातशेतीतला माणूस, याला भरती-ओहोटी कुठली ठाऊक! अमावास्येच्या दिवशी, दुपारच्या तोंडाला, त्याने भरल्या खाडीच्या बांधावर सहल घातली. मी तेव्हा आक्काच्या ओट्यावर पापड देत होतो. मला पाहून ती उडालीच. “आज बांधावर नेलीन मानसं? आज उधान हाय, मेल्याला कळत नाय काय?” आम्ही दोघे धावलो. बांधाचा एक तुकडा पाण्याखाली गेला होता, आणि त्याच्या अलीकडे चिखलात सगळी सहल कंबरेपर्यंत रुतून उभी. कोणाला लागलं नव्हतं, पण सायकल कोणती आणि पाहुणा कोणता हे सांगणं अवघड होतं. आक्काने एकेकाला हाताला धरून वर काढलं, घरी आणलं, विहिरीवर उभं करून स्वतः कळशीने धुतलं. एका बँक मॅनेजरचे कान तिने पदराने पुसले. मग सगळ्यांना पडवीत ओळीने बसवून चूल पेटवली.

यशवंत कुंपणाबाहेरच उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत काळा, फक्त डोळे तेवढे पांढरे. आत ये म्हणायला मी तोंड उघडत होतो, तेवढ्यात आक्का हातात उलथनं घेऊन ओट्यावर आली. त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि मला विचारलं, “बाहेर ती कुनाची म्हस उभी हाय रं?”

पडवीत कोणी हसलं नाही, कारण कोणाला काही ठाऊक नव्हतं. यशवंतने चिखलाने भरलेल्या खिशात हात घातला, रुमाल काढला, त्यातून घंटी काढली आणि पुढे येऊन ओट्याच्या पायरीवर ठेवली. म्हणाला, “परत घेतली.” आक्काने ती उचलली. पदराने पुसली. आणि त्याच्या तोंडासमोर धरून कितीतरी वेळ वाजवत राहिली, म्हशीला रस्त्यातून हाकलतात तशी. मग म्हणाली, “झाली फिटंफाट. चल, विहिरीवर हो. सत्तर वेळा सांगितलंय, चिखलाच्या पायांनी घरात येव नको.” तो विहिरीकडे गेला. आक्का चुलीपाशी परतली आणि धूर झाला म्हणत डोळे पुसत राहिली. धूर नव्हता.

त्या दिवसापासून ती घंटी आक्काच्या ओट्यावरच्या खांबाला ठोकलेली आहे. सहल वळणावर दिसली की ती वाजवायची. वाजली की सगळ्यांनी ब्रेक दाबायचे. आणि दुसऱ्यांदा वाजायची ती निघताना. कारण यशवंत तिथल्या झोपाळ्यावर एकदा बसला की उठायचं नाव घेत नसे. मी पाहुण्यांना घेऊन पुढे निघायचो, आम्ही पारापर्यंत पोचलो तरी याचं “येतो गो, येतो” चालूच. मग आक्का ठणाणा घंटी वाजवून त्याला उठवायची, “ऊठ यशा, तुझी मानसं गेली!” मी जरा हळू व्हायचो, आणि मागून “ओ ओ ओ!” ऐकू यायचं.

तो गेल्यावर सहली बंद करायच्या असं मी धरून चाललो होतो. त्याचा मुलगा म्हणाला, “काका, पाहुण्यांना काय सांगू?” मग काशिद कबूल केलेले ते मुंबईचे पाहुणे घेऊन गेल्या रविवारी मी निघालो. गार्डाने इंजिन व्हायचं, दुसरं काय! आक्काच्या गावाजवळ आलो आणि मला तो रस्ता धरवेना. तिच्यासमोर एकट्याने जाऊन उभं राहायचं कसं? मी मुकाट्याने उजवीकडे बांधावर वळलो. थोडं पुढे गेलो असेन, तर शेतांवरून घंटी ऐकू आली. थांबेचना. सगळ्यांना माघारी वळवून तिच्या अंगणात गेलो. परात तयार होती. आक्का म्हणाली, “तू पन बांधावरनं चाललास? तो गेला, मी हाय ना अजून?” मी घावनं खाल्ली. रसात गूळ तिने नेहमीसारखाच जास्त घातला होता. झोपाळ्यावर कोणी बसलं नाही. पाहुण्यांना मी काही सांगितलं नव्हतं, तरीही.

निरोप घेऊन आम्ही निघालो. पारापाशी आलो आणि मागे घंटी वाजली, ठणाणा. माझ्या बाजूने चालवणाऱ्या मुलीने वळून पाहिलं. “आजी कोणाला बोलावतायत का? आपलं काही राहिलं?”

“बोलावत नाहीयेत,” मी म्हटलं, “झोपाळ्यावरून उठवतायत.”

तिला काही कळलं नाही. ती पुढे गेली. मी मात्र जरा हळू झालो. त्या रविवारी आम्ही काशिदला उजेडात पोचलो.