उभ्याची गाडी

जत्रेतल्या रोलर कोस्टरमध्ये माणसांना उभ्यानं फिरवायचं, ही कल्पना माझ्या काकांच्या डोक्यात मोबाईलमधून शिरली. काकांचं कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. वर्षभर उसाच्या ट्रॉल्या बनवायच्या आणि जत्रांच्या हंगामात पाळण्यांची डागडुजी करायची. मी मेकॅनिकल शिकून पुण्यात नोकरीला लागले होते. एका रविवारी घरी आले, तर काकांनी चहाच्या आधी मोबाईलच पुढे केला. जपानमधली जुनी गाडी होती. माणसं सीटवर बसलेली नव्हती, उभ्याउभ्याच किंचाळत खालीवर चालली होती.

"बसून तर यष्टीत बी जातो की माणूस! ही खरी मजा हाय."

मी थोडं वाचून बघितलं. जपान-अमेरिकेत अशा गाड्या एकेकाळी गाजल्या होत्या. पुढे एकेक करून बंद पडल्या, नाहीतर त्यांना सीट बसवल्या. मी काकांना तसं सांगितलं.

"त्यांच्या बंद पडल्या म्हणून आपली बी पडंल व्हय?"

विषय तिथंच संपला. कोडोलीचे एक पाळणेवाले काकांचे जुने दोस्त. त्यांच्याकडे बसायची एक छोटी गाडी गंजत पडली होती. दोन चढ आणि एक मोठं वळण. रूळ तेच ठेवायचे आणि डबा नवा करायचा, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. हिशेब माझ्या गळ्यात पडला.

माणूस बसला की त्याचं वजन खाली राहतं. उभा राहिला की ते वर जातं आणि वळणावर डबा बाहेर कलंडायला बघतो. म्हणून वळणावरचे रूळ आम्ही आतल्या बाजूला जास्त कलते केले. डबा रूळ सोडून उडू नये म्हणून चाकं रुळाच्या वरून, बाजूनं आणि खालूनही लावली. पायांच्या मध्ये सायकलसारखी सीट होती. ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे ती वरखाली करायची आणि खिट्टी घालायची. खांद्यांवर रेक्झिनची गादी लावलेलं जू. ड्रॉइंगवर मी 'शोल्डर हार्नेस' लिहिलं होतं. काकांनी ते खोडून ठसठशीत अक्षरात 'जू' लिहिलं.

आधी वाळूची पोती भरपूर फिरली. तपासणीला आलेल्या इंजिनिअरसाहेबांनी जुवाला आणखी एक खिट्टी लावायला सांगितली. तीही लावली. मग काका स्वतः चढले. उतरले तेव्हा केस उभे आणि चेहरा नवरदेवासारखा.

जोतिबाची चैत्र यात्रा उरकली आणि भागातल्या गावजत्रा सुरू झाल्या. पहिल्याच जत्रेत आमच्या गाडीपुढे ही गर्दी. आणि तिथंच आमच्या डिझाइनमधली गोम उघडी पडली. साडी नेसलेली बाई त्या सायकलच्या सीटवर येणार कशी? उंची, वजन, वळण, सगळ्याचा विचार केला होता. साडीचा नव्हता. आणि हिशेब करणारी मी बाईच! जीन्स घालून उभी होते आणि एकेका बाईला "जमणार नाही हो," म्हणून परत पाठवत होते.

काकी बघायला आल्या होत्या. त्या काकांवर कडाडल्या.

"निम्मं गाव घरला लावून दिलासा की! गाडी काय गड्यांसाठीच केलीया?"

"आगं, साडीत पाय कसा टाकायचा?"

"बगा उद्या कसा टाकायचा त्यो."

दुसऱ्या दिवशी काकी नऊवारी नेसून, कासोटा घट्ट खोचून आल्या. एरवी त्या लग्नाकार्यालाच नऊवारी नेसत. टांग टाकून सीटवर आल्या, जू खांद्यावर घेतलं आणि ओरडल्या, "सोडा!" पहिल्या उतारावर अंबाड्यातल्या पिना उडाल्या. वळणावर त्यांनी काकांच्या नावानं जे काही म्हटलं, ते सगळ्या जत्रेला ऐकू गेलं.

त्यानंतर रांगच बदलली. गावात रोज नऊवारी नेसणाऱ्या होत्या त्या साठीच्या पुढच्या बायका. त्या पदर खोचून पुढं आल्या. सहावारीतल्या सुना त्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत खाली उभ्या. एक सासू वरून सुनेला ओरडली, "फोटू काड की गं!" सुनेनं काढला, पण दात ओठ खात.

दोन हंगाम गाडी अशी गाजली. पण एकेकाची सीट उंचीला लावायला जेवढा वेळ जायचा, तेवढ्यात शेजारचा पाळणा दोनदा भरून रिकामा व्हायचा. काका भोंग्यावर घसा फोडायचे, "टाचा टेका! गुडघं ताठ!" कोण ऐकतंय? लोक गुडघे वाकवूनच सीट लावून घ्यायचे आणि उतार संपला की त्या सीटवर दणकन आदळायचे. उतरताना भलेभले गडी फेंगडे चालायचे. मलकापूरकडच्या जत्रेत तर रांग एवढी तुंबली की माणसं एकमेकांच्या अंगावर गेली.

पाळणेवाले हात जोडून म्हणाले, "दोस्ता, गाडी झ्याक हाय. पर आता सीटा बसीव."

काकांनी नाइलाजानं मान डोलावली.  दोन दिवसांनी मला फोन आला, "शनवारी ये. डबा कापायचाय."

वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत रूळ मांडले होते. कापायच्या आधी काका, काकी आणि मी, तिघं त्यात उभे राहिलो. इतक्या जत्रा केल्या, पण मी स्वतः कधी बसले, म्हणजे उभी राहिले नव्हते. वर गेल्यावर उसाचे फड दिसले, आणि पुढच्याच क्षणी पायाखालची जमीन कुणीतरी काढून घेतली. मी हसायला लागले ते थांबताच येईना. काकी डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. काका मात्र पूर्णवेळ मान वाकवून चाकांकडेच बघत होते.

खाली आल्यावर त्यांनी जू काढलं, घाम पुसला आणि म्हणाले, "डाव्या चाकाचं बेअरिंग वाजतंय. सीटा बसवायच्या आधी ते बदलू."

मी बाह्या मागं सारल्या. काकी चहा टाकायला आत गेल्या आणि काकांनी गॅस कटर पेटवला.