सरळ पात्याचं पेटंट

वाळूजच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी आणि माझ्या भागीदारानं कांद्याची वाळलेली पात कापायचं यंत्र बनवलं. त्याचं पेटंट मिळेपर्यंत आम्ही दोघंही थकून गेलो होतो. तरी मिळालं तेव्हा भागीदार म्हणाला, "आता कुणी हात लावत नाय!"

पुढच्याच हंगामात वैजापूरच्या मार्केट यार्डात तसंच यंत्र दुसऱ्याच्या नावानं चालताना दिसलं. आमचं पातं सरळ होतं, त्यांचं गोल; बाकी सगळं तेच. आम्ही एका वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी पेटंट वाचून विचारलं, "यात सरळ पातं असंच का लिहून दिलंत?"

"आमचं सरळच आहे ना," मी म्हणालो.

"म्हणून तेवढंच तुमचं झालं. यंत्र चांगलं आहे, पण पेटंटला किंमत येते ती दुसऱ्याला ते टाळून तेच काम करता येत नसेल तर. त्यांना पातं गोल करून सहज टाळता आलं."

भांडायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. येताना मुकुंदवाडीला भागीदाराच्या घरी चहा घेतला. कप खाली ठेवून तो म्हणाला, "उद्या जरा लवकर ये. गंगापूरवाल्याचं यंत्र द्यायचंय."

मी मान हलवली. पेटंटचं नूतनीकरण आम्ही पुढं केलंच नाही.