पॅनवर माहेरचं नाव

आमच्या घरी हातमागावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतात. त्या फोनवरून विकाव्यात म्हणून मी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या एका कंपनीकडे अर्ज केला. आधार, पॅन, पासबुक, सगळ्यांचे फोटो पाठवले. मग कॅमेऱ्यात बघून पापण्यांची उघडझाप करायला सांगितलं. शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "साडी इकाले तोंड काहून दाखवा लागते वं?" मी पुन्हा पापण्या मिटून उघडल्या.

तीनदा अर्ज परत आला. पॅनवर माहेरचं नाव होतं, आधारवर सासरचं. चौथ्यांदा त्यांनी नवऱ्याचंही आधार मागितलं, तेव्हा मी थकून अर्ज रद्द केला. माझे कागद पुसून टाका, असं कळवलं. त्याला अजून उत्तर नाही. अर्ज रद्द केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साड्यांचं गाठोडं घेऊन मी तुमसरच्या बाजाराला जाणाऱ्या बसमध्ये बसले.