पाच उरतील

भाजी घेताना मी भाव मोठ्यानं बोलते आणि काय घ्यावं, हे माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, रेवालाही विचारते. आईला हे खटकायचं. “लेकरांसमोर पैशांचं कशाला बोलायचं?” असं ती म्हणायची.

काल आईही आमच्याबरोबर मंडईत आली. रेवाच्या हातात विसाची नोट होती आणि कोथिंबिरीची जुडी पंधराला. बोटांवर मोजत रेवा पुटपुटली, मग म्हणाली, “आजी, पाच उरतील. त्यात लिंबू येईल ना?”

आकडे पाटीवर उमटण्याआधी आमच्या रोजच्या बोलण्यातूनच तिच्याकडे आले होते.

पुढे पेरूवाल्यापाशी आईच वाकून विचारू लागली, “रेवा, एक पेरू दहाला. घरी आपण चौघं, मग किती पैसे द्यायचे गं?”